‘देश आणि मी’ म्हटलं की मुलं तिरंगाच का काढतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचं कला मंडळ तुम्ही सांभाळता. अठरा ते एकवीस वयाची पंचवीसेक मुलं-मुली आहेत. २६ जानेवारीला ‘देश आणि मी’ या विषयावर चित्रं, कविता आणि एखादं छोटं नाट्य असा कार्यक्रम करायचाय. पहिल्या बैठकीत तिरंगा आला, नकाशा आला, कबुतर आलं, जवान आला. ऊसतोड कामगारांच्या घरातल्या एका मुलाने ‘यात माझं काही नाही’ म्हणत कागद कोरा ठेवला. एका मुलीने वस्तीपर्यंत कधीच न आलेल्या रस्त्यावर कविता आणली, तीत देशाला थेट जाब विचारलाय, आणि ती प्राचार्यांना दाखवायची कशी हा तुमच्यापुढे पेच आहे. मुलांनी मनापासून काही करावं म्हणून काय करू, की विषयच बदलू, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर नाटक आणि चित्र अशा मिश्र कार्यशाळा घेतो. या विषयाची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी अशीच होते. ‘मुलांकडे कल्पनाशक्तीच नाही’ हे निदान मला पटत नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत याच विषयावर निबंध, भाषणं, चित्रकला स्पर्धा झालेल्या असतात. काय काढलं की नंबर येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही विषय दिलात आणि त्यांनी ओळखीचा पेपर सोडवला. खरी अडचण अशी की प्रश्न इतका मोठा आणि इतका गुळगुळीत आहे की त्याला हाताला लागेल अशी कडच नाही.

पुढचं सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे. हातात वेळ किती, मुलं एकमेकांना किती ओळखतात, आणि बघायला कोण येणार. आठवडाच उरला असेल तर खोलात जाऊ नका. एक छोटा व्यायाम घ्या आणि जे येईल ते साधेपणाने लावा. महिना-दीड महिना असेल तर मी सांगतोय ते करता येईल. मुलं एकमेकांना नीट ओळखत नसतील तर घरातल्या गोष्टी पहिल्याच बैठकीत बाहेर काढायला लावू नका. गाव लहान आहे. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही घरी जाल, पण त्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कॉलेजला यायचंय.

आता तिरंग्याबद्दल. तो काढणाऱ्या मुलाला हसू नका, ‘घिसंपिटं’ म्हणू नका. त्याची भावना खोटी नसते, फक्त ती दुसऱ्याने करून ठेवलेल्या चित्रातून बोलत असते. मी पहिल्या बैठकीत ही सगळी चित्रं येऊ देतो, भिंतीवर लावतो आणि मग विचारतो की ही चित्रं पहिल्यांदा कुणी काढली असतील? इथे मुलं हमखास जागी होतात, कारण त्यांना वाटत असतं की ही चित्रं आकाशातूनच पडली.

मी त्यांना संविधानाच्या हस्तलिखित प्रतीतली पानं दाखवतो. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांची. उद्देशिकेच्या पानाचं काम ब्योहार राममनोहर सिन्हा यांचं, त्यांचा जन्म १९२९चा. सिंहमुद्रा रेखाटणारे दीनानाथ भार्गव १९२७चे. म्हणजे हे दोघे तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले, जवळपास तुमच्या मुलांच्याच वयाचे. सिंह नीट कळावा म्हणून भार्गव कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंहांचं निरीक्षण करत, असं सांगतात. राष्ट्राचं चिन्ह काढायचं तरी पोराला आधी पिंजऱ्यापुढे उभं राहून आयाळ बघावी लागली, एवढं त्यातून मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.

त्याच पानांत मोहेंजोदडोचा बैल आहे, अकबर आहे, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, टिपू आणि लक्ष्मीबाई आहेत. आणि शेवटाकडे फक्त हिमालय, वाळवंट आणि समुद्र. मुलांना ती शेवटची पानं बघून आश्चर्य वाटतं, ‘यात कुणी नावाजलेला माणूसच नाही’ म्हणतात. मग वाद सुरू होतो. कुणाला का घेतलं, कुणाला का नाही, आपण काढलं असतं तर काय काढलं असतं. असा वाद झाला की बैठक सत्कारणी लागली असं मी समजतो.

वेळ असेल तर आणखी दोन चित्रं दाखवा. अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ची भारतमाता मुळात बंगमाता म्हणून कल्पिलेली होती. बंगालच्या फाळणीच्या वातावरणात एका प्रांताची आई देशाची आई झाली. आणि १९३८च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी केलेली पोस्टर. स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन मांडवात लावायची चित्रं, आणि त्यांत ढोल वाजवणारा आहे, शिंपी आहे, कामात गुंतलेल्या बाया आहेत. देशावरचं चित्र म्हणजे देशाचं नाव लिहिलेलं चित्र नव्हे, हे यापेक्षा सोपं करून मला आजवर सांगता आलेलं नाही.

यानंतर प्रश्न बदलायचा. ‘देश म्हणजे तुला काय वाटतं’ हे विचारूच नका. त्याला उत्तर भाषणाचंच येतं. मी विचारतो, देशाचा आणि तुझा प्रत्यक्ष संबंध शेवटचा कधी आला? कुठल्या खिडकीवर, कुठल्या रांगेत, कुठल्या गाडीत? कुणी तुला ‘तू कुठली?’ असं विचारलं आणि उत्तर देताना अडखळायला झालं, असं कधी झालंय? अशा प्रश्नांवर सेतू केंद्र येतं, जात पडताळणीची फाईल येते, परराज्यात परीक्षेला गेल्यावर डब्यात भेटलेली माणसं येतात, क्रिकेटची मॅच येते, पोलीस भरतीच्या मैदानावरचं पहाटेचं धावणं येतं. ते सगळं देशाबद्दलच असतं.

एका कार्यशाळेत मी मुलांना सांगितलं होतं की घरातला असा एक कागद आणा ज्यावर तुम्ही कोण आहात ते सरकारने लिहिलंय. एका मुलीने तीन आणले: आजोबांचं जुनं रेशन कार्ड, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स. कुटुंब सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलेलं. आडनाव तिन्हींवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. ते एकच आहे हे सिद्ध करायला तिने प्रतिज्ञापत्र केलं होतं, खेटे घातले होते, आणि हे सगळं ती वर्गात एखादा विनोद सांगावा तसं सांगत होती. तिने ती तीन आडनावं मोठी करून बटर पेपरवर काळ्या शाईने उतरवली, मागे ट्यूबलाइट लावली आणि कागद एकावर एक टांगले. समोरून बघताना एक गिचमिड दिसायची. पान उचललं की एक नाव सुटं व्हायचं. शेजारी माहितीचा कागद लावलाच नाही. बघायला आलेली माणसं खिशातली आपापली कार्डं काढून नावं ताडून बघायला लागली आणि ‘माझ्या आईचंही असंच केलंय’ असं एकमेकांना सांगू लागली.

हा व्यायाम करणार असाल तर दोन पथ्यं पाळा. कागद दाखवण्याची सक्ती नको. कागदावर जात असते, वडिलांच्या नावाची रिकामी जागा असते, काहींच्या घरी कागदच नसतो. ज्याला दाखवायचा नाही त्याने नुसतं वर्णन केलं तरी चालतं. आणि प्रदर्शनात लावताना आधार क्रमांक, पत्ता, जन्मतारीख झाकलेली आहे ना, हे तुम्ही स्वतः तपासा. मुलं उत्साहात विसरतात.

कोरा कागद ठेवणाऱ्या मुलाकडे आता येतो. तो म्हणतोय ते शब्दशः खरं असू शकतं. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. तुम्ही इथे ध्वजवंदन करता तेव्हा त्याचे आई-वडील कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत फडावर असतात, कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत तिथून हलत नाहीत. लहानपणी तोही निम्मं वर्ष तिकडेच असणार. ‘देश आणि मी’ या कार्यक्रमाची तारीखच अशी आहे की त्याच्या घरचं कुणी तिथे असू शकत नाही. त्याच्या नकाराचा मला लागलेला अर्थ हा असा.

माझ्याकडे अशाच घरातला एक मुलगा होता. चित्र काढायला तो तयार नव्हता, लिहायलाही नाही. मी म्हटलं, फोन आहे ना, आवाज आण. सुट्टीत तो फडावर गेला आणि पहाटेपासूनचे आवाज टिपून घेऊन आला: कोयत्याचे घाव, पाचटाची सळसळ, मोळी बांधताना बायकांचं बोलणं, ट्रॅक्टर सुरू होतानाची धडधड, आणि मध्येच लांबच्या शाळेतून लाउडस्पीकरवर आलेली प्रार्थना, जी फडात कुणीच थांबून ऐकत नाही. पाच-सहा मिनिटांचा तुकडा त्याने मोबाइलवरच जुळवला. शेवटी त्याला स्वतःच्या आवाजात एक घोषणा घालायची होती. मी म्हटलं, नको, प्रार्थनेनंतर पुन्हा कोयता ऐकू येतो तिथेच संपव. त्याने ऐकलं नाही. घोषणा ठेवली आणि टाळ्या नेमक्या घोषणेलाच पडल्या. मला अजूनही वाटतं घोषणा नको होती. पण काम त्याचं होतं, आणि आपल्या आई-बापांचे आवाज सभागृहात घुमल्यावर शेवटचा शब्द आपला असावा असं त्याला वाटलं असेल, तर ते मला समजतं.

तुमचा मुलगा मात्र असं काही करेलच असं नाही. नसेल करायचं तर नको करू दे. १९८५ साली केरळमधल्या एका शाळेतल्या तीन भावंडांनी, ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहूनही धार्मिक श्रद्धेमुळे ते म्हटलं नाही. शाळेने त्यांना काढून टाकलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर गप्प उभं राहण्याला जागा आहे, तर कला मंडळाच्या कार्यक्रमात नक्कीच असली पाहिजे. त्याला प्रकाशयोजना द्या, मांडणी द्या, माइक सांभाळायला द्या. गटात राहू दे. पुष्कळ मुलं इतरांचं काम बघता बघता उशिरा बोलायला लागतात, काही बोलतच नाहीत. दोन्ही चालतं.

कवितेचा प्रश्न याहून नाजूक आहे. तिला कविता सौम्य करायला सांगू नका, नेमकी करायला सांगा. रागाच्या पहिल्या खर्ड्यात सहसा ‘तुम्ही’, ‘हा देश’, ‘ही व्यवस्था’ असे मोठे शब्द फार असतात आणि ज्यामुळे राग आला ती गोष्ट एखाद्या ओळीत उरकलेली असते. तिला विचारा, रस्ता कुठपर्यंत आलाय? कुठल्या खांबापाशी डांबर संपतं? पावसाळ्यात चपला हातात घेऊन किती चालावं लागतं, कॉलेजच्या नळावर पाय धुताना कोण बघतं? असं एक-एक उत्तर कवितेत आलं की मोठे शब्द आपोआप गळतात आणि जाब जास्त टोचतो. शिवाय, व्यवहाराचं बोलायचं तर, ‘हा देश’ या शब्दांवर प्राचार्य हरकत घेऊ शकतात. कुठल्या खांबापाशी डांबर संपतं यावर काय हरकत घेणार?

आणि रागाला देशाबाहेरचा समजू नका. अहमदाबादच्या छारानगरमध्ये १९९८ साली बुधन थिएटर सुरू झालं. छारा समाजातली तरुण मुलं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांतली ही एक. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का गेला नाही. त्यांनी पहिलं नाटक केलं ते स्वतःवर नव्हे, तर बंगालमध्ये कोठडीत मेलेल्या बुधन शबर या माणसावर. भाषा वेगळी, राज्य वेगळं, जमात वेगळी. गुजरातमधली मुलं बंगालमधल्या माणसाला आपला म्हणून रंगमंचावर उभा करतात, तेव्हा ती देशाचा एक नकाशाच काढत असतात, फक्त तो शाळेच्या भिंतीवरचा नसतो. तुमच्या मुलीलाही विचारून बघा की तिच्यासारखा रस्ता आणखी कुणाचा आहे. कविता कदाचित ‘मी’कडून ‘आम्ही’कडे जाईल, कदाचित नाही जाणार.

तुम्ही ‘विविधतेत एकता’ नृत्याचाही उल्लेख केलाय, तो पर्याय सोपा वाटतोय म्हणालात. माझा त्याला सरळ विरोध आहे. भाड्याने आणलेला कोळी वेश, भाड्याने आणलेली पगडी, ‘आदिवासी’ म्हणून कमरेला पानं, आणि शेवटी सगळे हात धरून उभे. यात कुणालाच कुणाबद्दल काही कळत नाही. त्यातून तुमच्याच गटात एखादा खरा कोळी किंवा भिल्ल मुलगा असेल, तर त्याला त्याचाच वेश दुसऱ्याच्या अंगावर चेष्टेसारखा बघावा लागतो. माझ्याकडे नियम असा: दुसऱ्याचं काही रंगमंचावर आणायचं तर त्या माणसाकडे जाऊन विचारून, शिकून आणायचं, आणि त्याला बघायला बोलवायचं. तो समोर बसलेला असताना जे करायला लाज वाटणार नाही तेवढंच ठेवायचं. बहुतेक नृत्यं या अटीत टिकत नाहीत. जी टिकतात ती चांगली असतात.

कायद्याचं झटपट सांगतो, कारण शेवटच्या दिवशी याच गोष्टींवरून धावपळ होते. खऱ्या ध्वजावर काही लिहायचं नाही, तो टेबलावर पसरायचा नाही, कमरेखालच्या कपड्यात वापरायचा नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलचा १९७१चा कायदा आणि २००२ची ध्वजसंहिता दोन्ही एकदा वाचून काढा, फार मोठी नाहीत. त्याच कायद्यात हेही स्पष्ट लिहिलंय की संविधानात किंवा ध्वजात सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा गुन्हा नाही. नकाशा काढायचा तर बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या. सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलं इंटरनेटवरून कुठलाही नकाशा उतरवतात. नकाशाचं वेड असलेली मुलं असतील तर त्यांना चित्रकार झरिना हाश्मींबद्दल सांगा. १९३७ साली अलिगढला जन्म, फाळणीनंतर काही वर्षांनी आई-वडील कराचीला गेले, त्या स्वतः आयुष्यभर देशोदेशी राहिल्या. भारत-पाकिस्तान सीमेबद्दल २००१ साली त्यांनी केलेल्या लाकूडठशात (लाकडी ठशाने छापलेल्या चित्रात) गावं नाहीत, नद्या नाहीत, रंग नाहीत; पांढऱ्या कागदावर वेडीवाकडी उतरत जाणारी एक काळी रेघ आहे, बस्स. ती बघितल्यावर मुलं आपला नकाशा पुन्हा काढायला घेतात.

मांडणीबद्दल माझं एकच ठाम मत आहे: स्पर्धा ठेवू नका. परीक्षक आला की मुलं पुन्हा नंबराचं काढायला लागतात आणि महिन्याभराची मेहनत पाण्यात जाते. प्रत्येक कामाशेजारी करणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या दोन-तीन ओळी असू देत, तुम्ही दुरुस्त न केलेल्या, व्याकरणाच्या चुकांसकट. तिरंगा काढणाऱ्यांचे तिरंगेही लावा, पण त्यांनाही त्या ओळी लिहायला लावा. माझ्याकडे एकाने लिहिलं होतं की त्याचा भाऊ सैन्यभरतीत दोनदा नापास झाला आणि तेव्हापासून घरात या विषयावर कुणी बोलत नाही. त्याचं चित्र पहिल्या बैठकीत आलेलंच होतं, जवान आणि झेंडा. ओळी वाचल्यावर ते चित्र मी पुन्हा जाऊन पाहिलं.

विषय बदलू नका. फक्त ‘देश आणि मी’ हे शीर्षक काम चालू असताना मुलांसमोर ठेवू नका. कामं तयार झाल्यावर शीर्षक त्यांनाच ठरवू दे. आणि प्राचार्यांकडे शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, आत्ताच जा. कविता पूर्ण वाचून दाखवा, मुलीची तयारी असेल तर तिलाच वाचू दे. एखादी ओळ काढा म्हणाले तर तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नका. तिच्याशी बोलून सांगतो म्हणा. ती ओळ काढायची, कविताच मागे घ्यायची की दुसरीकडे वाचायची, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. तिच्या नकळत छाटलेली कविता तिच्या नावावर वाचली गेली, तर ती पुन्हा तुमच्या मंडळात पाऊल ठेवणार नाही. निमंत्रणपत्रिका या भेटीनंतर छापा. एकदा कार्यक्रमाचा क्रम छापून झाला की कुठलाही बदल वरच्यांना बंडच वाटतो.